शब्द कुठे तोडायचा?

जपानमध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट करायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांबद्दल अधूनमधून ऐकू येतं. आज त्यातल्या एका शाखेचा इतिहास सांगणार आहे. भाषा आणि संगणक यांची ही शाखा आपल्या मराठीपर्यंत येऊन पोहोचली.

सुरुवात एका साध्या अडचणीपासून झाली. जपानी लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. अक्षरांची सलग माळ असते आणि शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं असतं. माणसाला ते जमतं, यंत्राला मात्र शिकवावं लागतं. इंग्रजीसाठी घडवलेल्या पद्धती इथे जशाच्या तशा चालणार नव्हत्या. १९७० साली क्योतो आणि ओसाका विद्यापीठांत माहिती-अभियांत्रिकीचे स्वतंत्र विभाग निघाले. तोशिबाने पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जाहीर केला १९७८ साली. किंमत होती ६३ लाख येन!

क्योतोत तेव्हा प्राध्यापक माकोतो नागाओ होते. व्याकरणाचे नियम रचून भाषांतर करण्यापेक्षा आधी झालेल्या भाषांतरांचे नमुने यंत्राला द्यावेत, नवं वाक्य आलं की त्याने मिळताजुळता नमुना शोधून त्यावर बेतावं, हा विचार त्यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडला. परदेशात वाढणारी आपली मुलं मराठी बऱ्याच अंशी अशीच शिकतात. विभक्तीचा तक्ता नंतर येतो, आजीचं वाक्य आधी.

जपानमधली संशोधनाची पदवी समजून घ्यायची तर ‘केनक्युशित्सु’, म्हणजे एका प्राध्यापकाची प्रयोगशाळा, समजून घ्यावी लागते. दोन वर्षांची मास्टर्स, पुढे तीन वर्षांची डॉक्टरेट, असा सरळ हिशेब आहे. पण विद्यार्थी नुसता विद्यापीठाचा नसतो, तो त्या खोलीचा असतो. सरकारी शिष्यवृत्ती १९५४ पासून चालू आहे, आणि ती घेऊन जाणारे पुष्कळजण आधी ‘केनक्युसेई’ म्हणून, पदवीत नाव न घालता, त्या खोलीत बसतात. मग प्रवेश परीक्षा. हे मला आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखं वाटतं. कोणाकडे शिकलात यावरून तुमची चीज ओळखू येते.

नागाओंच्या घराण्याचंच बघा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला क्योतोत ‘जुमान’ नावाची शब्द सुटे करणारी प्रणाली तयार झाली. त्या कामातले युजी मात्सुमोतो पुढे नारा प्रांतात, १९९१ साली स्थापन झालेल्या, फक्त पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या संस्थेत गेले. तिथे तयार झालेल्या प्रणालीचं नाव ‘चासेन’. चासेन म्हणजे चहा घुसळायची बांबूची रवी. ही संस्था ज्या ताकायामा भागात आहे, तो या रव्यांसाठीच प्रसिद्ध! त्यानंतरची ‘मेकाब’ म्हणजे समुद्री शेवाळाचा एक भाग, तो तिच्या कर्त्याला खायला आवडतो म्हणून. नावं ठेवण्यात तरी संशोधकांनी रुक्षपणा केला नाही.

आता मराठीकडे येऊ. आपण शब्दांमध्ये जागा सोडतो, पण एकाच शब्दात केवढं सामान भरतो! ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ हा शब्द घ्या. घर, त्याचं सामान्यरूप, मग समोर, मग चा-ची-चे, मग अनेकवचनातला ‘नी’, वर सुद्धा. इंग्रजीत याला पाच-सहा सुटे शब्द लागतील. म्हणजे अडचण जपानीच्या उलट बाजूने येते, आणि प्रश्न तोच उरतो: तोडायचं कुठे? शिवाय दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं आणि ‘ला’, ‘त’ यांसारखे प्रत्यय नामाच्या मागून येतात.

पवईच्या आयआयटीचा जपानशी संबंध जुना आहे. तोक्योच्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठात १९९६ साली यूएनएल हा सर्व भाषांना जोडणाऱ्या मधल्या भाषेचा प्रकल्प सुरू झाला, त्यात भारतातून आयआयटी मुंबई सहभागी होती. २०१२च्या डिसेंबरमध्ये कोलिंग ही संगणकीय भाषाविज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. तिथे राज दाब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य होते, नेमका हाच विषय मांडला: एकावर एक प्रत्यय चढणाऱ्या मराठी शब्दाची यंत्राने उकल कशी करावी.

पुढे दाब्रे डॉक्टरेटसाठी क्योतो विद्यापीठात सादाओ कुरोहाशी यांच्याकडे गेले. कुरोहाशी म्हणजे नागाओंचे शिष्य, ‘जुमान’वर काम केलेले. दाब्रेंच्या संशोधनाचा विषय होता, ज्या भाषांचा मजकूर थोडा आहे त्यांचं भाषांतर इतर भाषांच्या आधाराने कसं सुधारावं. मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक, तरी यंत्राला पुरेल इतकं जुळवून ठेवलेलं भाषांतर मराठीत तेव्हा फार थोडं होतं. नातवंडाला आलेला आजोबांचा निरोप फोनने उलटसुलट करून दाखवला, तर त्यामागचं एक कारण हेच.

जपानमधून चालणाऱ्या आशियाई भाषांतर कार्यशाळेत २०२१ साली दहा भारतीय भाषांची स्पर्धा झाली, त्यात मराठी होती. पुढच्याच वर्षी दाब्रे आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून ‘इंडिकबार्ट’ हे अकरा भारतीय भाषांचं प्रारूप परिषदेत मांडलं. या भाषांमध्ये शब्दांचं साम्य यंत्राला दिसावं म्हणून त्यांनी सगळ्यांचा मजकूर एकाच लिपीत आणला. तमिळ, बंगाली, पंजाबी, सगळ्यांचा. ती लिपी होती देवनागरी.