हमीचा एक रुपया

अथणी तालुक्यातले आमचे गाव आणि जत तालुक्यातले आत्याचे गाव यांच्यामध्ये जेमतेम चार कोसांचे अंतर. मध्ये एक कोरडा ओढा, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन राज्ये. पाऊस दोन्हीकडे सारखाच रुसायचा. आमच्याकडे त्याला कानडीत बरगाल म्हणत, आत्याकडे दुष्काळ. तरी १९८६ च्या उन्हाळ्यात मला शाळकरी वयात एक फरक दिसला. आत्या सकाळी भाकरी बांधून पाझर तलावाच्या कामावर जाई. आमच्या गल्लीतल्या बायका मात्र कोणी मुकादम कामाला बोलावतो का, याची वाट पाहात बसत. काम मागण्याचा हक्क कायद्याने आत्याला दिला होता. आमच्याकडे तसा कायदा नव्हता.

काम नसलेल्या माणसाला किती द्यावे आणि किती दिवस द्यावे, हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात त्याचे उत्तर आकड्यांत दिले. आठवड्याला ७ शिलिंग, आणि वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे. पैसा कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या वर्गणीचा. रक्कम थोडकीच होती. नवे काम मिळेपर्यंतचा तो टेकू होता. पण पहिल्या महायुद्धानंतर बेकारी हटेना, तेव्हा १५ आठवड्यांचे गणित कोसळले आणि मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. १९३१ मध्ये भत्त्यात १० टक्के कपात करावी की नाही, यावरून रॅम्से मॅक्डोनाल्ड यांचे मजूर मंत्रिमंडळ फुटले. कपात झालीच, शिवाय ज्यांचा विमा संपला त्यांच्या घरातल्या प्रत्येकाची कमाई मोजली जाऊ लागली. मुलाला चार पैसे मिळू लागले की बापाचा भत्ता घटायचा. या चौकशीचा सल तिथल्या कामगार वस्त्यांत पुढे कित्येक वर्षे टिकला.

महाराष्ट्राने निराळी वाट धरली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले. कोरडवाहू माणसाची दैना त्यांनी जवळून पाहिलेली. मागेल त्याला काम, हा त्यांचा विचार. त्याचा पहिला प्रयोग १९६० च्या दशकात तासगाव तालुक्यात झाला आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना आली. पाठोपाठ दुष्काळाने कहर केला. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७५ मध्ये योजनेसाठी व्यवसाय कर बसवला गेला आणि तितकीच भर सरकारने घालायची ठरली. शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यातला बांध उभा राहू लागला. १९७७ मध्ये विधिमंडळाने योजनेचा कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती. गरज असेतो काम मागावे. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम दिले नाही, तर सरकारने बेकारी भत्ता द्यावा, दिवसाला किमान १ रुपया. म्हणजे किती दिवस, याचे उत्तर इंग्लंडपेक्षा उदार; किती, याचे उत्तर मात्र फारच कंजूष.

एम. ए. करताना हे कलम मी वाचले आणि सुट्टीत आत्याला विचारले, ‘‘आत्या, काम मिळालं नाही तेव्हा भत्ता मिळायचा का गं?’’ ती हसली. ‘‘भत्ता कसला रं? एकदा कागद देऊन तीन आठवडं बसून होतो. साहेब म्हणला, पन्नास माणसं जमवा, मग नवं काम काढू. जमवली. तवर घरातली जोंधळ्याची कणगी रिकामी झाली.’’ कायद्याने तिचे पैसे निघत होते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. भत्ता मिळाल्याची उदाहरणे राज्यभर विरळच. रुपया इतका लहान होता की तो चुकवला म्हणून कोणाचे काही अडत नव्हते.

पुढे १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर हमीच्या कामाची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. ती व्हायलाच हवी होती. पण खर्च आवरण्यासाठी कामेच कमी निघू लागली. मजुरी वाढली आणि हमी आक्रसली. उदारपणा कागदावर वाढवला आणि पैशाची तरतूद तेवढी वाढवली नाही, की झळ गरिबालाच बसते.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने हमी ओढा ओलांडून आमच्याकडेही आणली. कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम. काम न दिल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि पुढे किमान निम्मा भत्ता. मजुरी केंद्राने द्यायची, भत्ता मात्र राज्याने. काम न काढणाऱ्याच्या खिशाला चाट बसावी, हा हेतू. प्रत्यक्षात मागणीची तारीख टाकलेली पोचच मजुराला मिळेना, तेव्हा भत्ता मागायचा कशाच्या जोरावर? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ झाले. पोचेचा प्रश्न मात्र दिवस वाढवून सुटत नाही.

भत्ता फार दिला तर माणसे आळशी होतील, असे आपल्यातले पगारदार सहज म्हणून जातात. आत्याने कधी फुकट काही मागितले नाही; तिने काम मागितले. माझ्या मते भत्ता इतका असावा की काम न देणे सरकारला काम देण्याइतकेच महाग पडावे. आणि काम मिळेपर्यंत तो चालू राहावा.

दहावीच्या वर्गाला मी अर्ज लिहायला शिकवतो तेव्हा हल्ली शेवटी एक ओळ सांगतो, कानडीतही आणि मराठीतही: अर्ज दिला की तारखेसह पोच मागून घ्या. आत्याला ही ओळ कोणी शिकवली नव्हती.