आर्थरची सीट आणि आमची पडवी

चाळिशीत माणसाला दोन दुखणी जडतात. एक डोळ्यांचं, दुसरं घराचं. डोळ्यांचं चष्म्यावर भागतं. घराच्या दुखण्याला मात्र उतार नाही. वाडवडिलांचं चांगलं कौलारू घर पाडून तिथे 'काहीतरी वेगळं' बांधावं, असं वाटू लागतं. मला वाटलं, दासगावच्या आमच्या घराला पुढे खांब हवेत. गोल, पांढरे, उंच आणि त्यांवर त्रिकोण. खाडीवरून येणाऱ्याने म्हणावं, इथे कुणी बँकेतला माणूस राहतो.

कर्जाच्या अर्जाला नकाशा जोडावा लागतो. (स्वतःच्याच बँकेत कर्ज मागायला गेलं की आपण गिऱ्हाइकांना इतकी वर्षं काय भोगायला लावलं ते कळतं.) म्हणून इंग्रजांच्या खेड्यातल्या घरांची पुस्तकं चाळायला घेतली आणि विल्टशायरमधल्या विल्बरी हाउसपाशी अडकलो. तसं हे घर लहान. म्हणजे इंग्रज जमीनदाराच्या हिशेबाने लहान. आमची सगळी भावकी गणपतीला तिथे उतरली असती, तर भांडण झाल्यावर रुसून बसायला प्रत्येकाला स्वतंत्र खोली मिळाली असती.

हे घर विल्यम बेन्सन नावाच्या गृहस्थाने 1710 साली स्वतःसाठी बांधलं. मधोमध दालन, दारापुढे खांब आणि डावीकडे जितक्या खिडक्या तितक्याच उजवीकडे. जमा आणि नावे पैशाला पैसा जुळलेली. आम्हा कॉमर्सवाल्यांना असं घर बघितलं की भरून येतं. मूळ घर बैठं होतं, खाली तळघर. वरचं बांधकाम पुढच्या मालकांनी चढवलं. मजला चढवल्याशिवाय मालकाला मालक झाल्यासारखं वाटत नाही, हे तिकडेही खरं दिसतं.

गंमत अशी, की हे अस्सल इंग्रजी घर मुळात इंग्रजी नाहीच. सोळाव्या शतकात इटलीत पॅलाडिओ होऊन गेला. त्याने रोमन देवळांचे खांब घरांना लावले. इनिगो जोन्सने ते पाहून इंग्लंडात आणले आणि शंभरेक वर्षांनी बेन्सनने जोन्सचं पाहून बांधलं. बँकेत कार्बन पेपर होते तेव्हा चौथी प्रत कुणालाच वाचता येत नसे. तीच कुणी चौकटीत लावावी, तसं 1715 च्या कॉलिन कॅम्पबेलच्या मोठ्या ग्रंथात हे घर छापलं गेलं आणि मग इंग्लंडभर अशा घरांची साथ आली. पाचवी प्रत दासगावात निघायला माझी हरकत नव्हती.

या बेन्सनला पुढे बढतीही मिळाली. सेंट पॉल बांधणारा ख्रिस्तोफर रेन पंच्याऐंशी वर्षांचा झाला होता. त्याला काढून 1718 साली सरकारी बांधकामांचा प्रमुख म्हणून बेन्सनला नेमलं. गड्याने आल्या आल्या उमरावांना कळवलं, की तुमचं सभागृह आता पडतंय. तपासणी झाली. सभागृह ठणठणीत. 1719 साली बेन्सन घरी. बढती मिळाल्यावर पहिल्या महिन्यात अहवाल देऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, या विल्बरीचा आणि दासगावचा काय संबंध? आहे. एक तर 1756 च्या तहात पेशव्यांनी बाणकोट इंग्रजांना दिलं, त्याबरोबर आसपासची काही गावं गेली, त्यांत आमचं दासगाव. म्हणजे पुण्याला 1818 साली मिळालेला साहेब आम्हाला बासष्ट वर्षं आधी मिळाला होता. पुणेकरांना आम्ही हे सांगत नाही एवढंच. दुसरं असं, की 1803 साली विल्बरी विकत घेतलं ते सर चार्ल्स मॅलेटने. पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा पहिला रेसिडेंट तोच. नाना फडणविसांशी अकरा वर्षं डाव खेळून सुखरूप घरी पोचलेला माणूस. त्याला बंगला शोभलाच.

त्याचे दोन मुलगे पुन्हा आमच्या मुलखात आले. ह्यू मॅलेट ठाण्याचा कलेक्टर. 1850 साली त्याने माथेरान हुडकलं आणि तिथे घर बांधलं. दुसरा आर्थर. महाबळेश्वरच्या ज्या टोकावर त्याने पहिलं घर बांधलं तो आर्थर सीट. मी तिथे दोनदा जाऊन आर्थर बसायचा तो दगड शोधला होता. इंग्रजीत 'सीट' म्हणजे जमीनदाराचं खेड्यातलं घरही होतं, हे मला विल्बरीच्या पुस्तकात कळलं. तेव्हा माझा अंदाज असा, की सीट बसायची नव्हे, राहायची असावी. एसटीत आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरा अर्थ सुचणार कसा?

लोक सांगतात, आर्थर तिथे बसून सावित्रीकडे बघत राही. त्याला कारणही होतं. 1853 साली बाणकोटजवळ सावित्रीच्या मुखाशी होडी उलटली आणि त्याची तरुण बायको आणि महिन्याभराची मुलगी बुडाली. खलाशीही गेले. त्या टोकाखालून निघालेली सावित्री पोलादपूर, महाड करत आमच्या दारावरून जाते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. हे वाचलं त्या रात्री मी खांब काढायला बसलो नाही.

आणखी एक लक्षात आलं. खांबांच्या घराण्यातली ही माणसं, पण साहेबाने महाबळेश्वरात विल्बरी बांधलं नाही. तिथला पाऊस त्रिकोणाला जुमानत नाही. त्याने जांभ्याच्या भिंती घातल्या, छप्पर उतरतं केलं आणि चारही बाजूंनी व्हरांडा काढला. म्हणजे आमची पडवीच, फक्त आरामखुर्ची जास्त. नावसुद्धा इथलंच: बंगला, म्हणजे बंगाली पद्धतीचं घर. खांब राहिले, पण रुबाबाला नव्हे, छप्पर तोलायला. साहेब आमची पडवी घेऊन बसला आणि मी त्याचे खांब मागत होतो!

तरी हौस सुटेना. महाडहून मिस्त्री आला. जोत्यावर उभा राहून म्हणाला, "भाऊ, खांब चार घेऊ का सहा?" मी सहा म्हणणार, तोच आई पडवीतून म्हणाली, "खांबाचं मागनं बघा. डोंगराचं पाणी कुठं सोडणार ते आधी सांगा."

2005 च्या जुलैत मी नोकरीच्या गावी होतो. आई इथे होती. दासगावचा डोंगर खाली आला, घरं माणसांसकट गेली. आमचं घर चाळीस पावलांनी राहिलं. त्या रात्री आईने पडवीत कंदील लावला आणि येईल त्याला आत घेतलं. लंडनच्या उमरावांना न पडणारं सभागृह पडणार म्हणून सांगणारा एक बेन्सन तरी होता. आमच्या डोंगराच्या वाट्याला तसा खोटारडाही आला नाही.

"मागं चर खणायचा," आई म्हणाली, "रुंद. आणि पडवी आहे तेवढीच ठेवायची. माणसं मावली पाहिजेत."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी हातातला नकाशा उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला चर काढायला लागलो. "लांबी किती धरू?" मी विचारलं. तो टेप घेऊन घराच्या मागे गेला.