आईचा खुबा

परवा डॉक्टरांनी विचारलं, "आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता?" मी चमकले. माझ्या हाडांशी आईचा काय संबंध?

१९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने घनतेवरून ऑस्टिओपोरोसिसची रेषा आखली: टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली. पण त्या रेषेच्या वरच्यांचीही हाडं मोडतच होती. म्हणून २००८ साली इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठात जॉन केनिस यांच्या गटाने 'फ्रॅक्स' आणलं. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, स्टेरॉइड, धूम्रपान, आई-वडिलांचा खुबा असं विचारून ते पुढच्या १० वर्षांतला धोका टक्क्यांत सांगतं. घनतेचा आकडा नसला तरी चालतं.

आई न्हाणीघरात पडली, तेव्हा आम्ही "म्हातारपण, दुसरं काय" म्हणून विषय संपवला. भावंडांनो, तो संपलेला नाही. डॉक्टरांना आवर्जून सांगा.