गुन्हेगार जमाती कायदा
ब्रिटिश भारतात १८७१ मध्ये झालेला, अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा. आधी उत्तर हिंदुस्थानात, १८७६ मध्ये बंगालमध्ये आणि १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह सर्वत्र तो लागू करण्याची तरतूद झाली. जातीगणिक धंदा ठरतो तसा गुन्हाही वंशपरंपरेने येतो, हे त्यामागचे गृहीत होते. युरोपातील तत्कालीन वंशवादी विचारांनी त्याला बळ दिले.

या जमातींचे दारिद्र्य बऱ्याच अंशी राज्यकर्त्यांच्याच धोरणांतून आले. बैलांच्या तांड्यांवरून मीठ-धान्य वाहणाऱ्या लमाण-बंजाऱ्यांचा व्यापार रेल्वेने बुडवला. वनकायद्यांनी पारध्यांचे रान हिरावले. पोटासाठी काहींनी चोऱ्या केल्या, आणि शिक्का सगळ्यांवर बसला.

नोंद झालेल्याला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. पासाशिवाय नेमलेली हद्द ओलांडणे हाच गुन्हा होता. आजारी नातेवाइकाला भेटायला परवानगीविना परगावी गेलेला माणूसही शिक्षेस पात्र ठरे. अशा शिक्षांमुळे जमातीच्या नावावरचे गुन्हे वाढत, आणि तीच आकडेवारी तिच्या गुन्हेगारीचा पुरावा म्हणून पुढे केली जाई. गरिबी आणि गुन्हा यांचा संबंध तपासताना कागदावरचा गुन्हा कोणी आणि कसा नोंदवला, हे आधी पाहिले पाहिजे, ते यासाठी. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचीही मुभा दिली. कायद्यातली सर्वांत क्रूर तरतूद हीच.

सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या जमातींची मोठी वसाहत होती. तिथल्या लोकांना गिरण्यांत कामाला लावले जाई. ‘सेटलमेंट’ हे नाव सोलापूरकरांच्या तोंडी आजही आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. मात्र सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांआडून पाळत चालूच राहिली. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनात त्या जगण्याचे चित्रण आहे. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

जमातीवरचा शिक्का पुढेही पुसला गेला नाही. महाराष्ट्रातील २००३ च्या एका खून खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी सुनावली गेली होती. सर्वोच्च न्यायालयानेच २००९ मध्ये ती कायम केली आणि मार्च २०१९ मध्ये सर्वांना निर्दोष सोडून प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. विमुक्त, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे याच न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांना बजावावे लागले.