खोडदच्या अँटेना आणि बाणाची दिशा

नारायणगावहून खोडदकडे वळलात की शेतांमध्ये मोठाल्या जाळीदार अँटेना दिसू लागतात. हीच आपली जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, म्हणजे ४३५ जोड्या. डायरेक्टेड ग्राफवरचं फूरिये विश्लेषण शिकायचं असेल, तर माझ्या मते पहिला धडा इथेच आहे.

आधी थोडा इतिहास. गोविंद स्वरूप स्टॅनफर्डला पीएच.डी.साठी गेले, तेव्हा त्यांचे गुरू होते रोनाल्ड ब्रेसवेल, म्हणजे फूरिये ट्रान्सफॉर्मवरच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचे लेखक. १९६३ मध्ये स्वरूप टीआयएफआरमध्ये आले. १९६५ मध्ये कल्याणला ३२ छोट्या डिशचा संच उभा राहिला, १९७० मध्ये उटीची दुर्बीण आणि पुढे खोडद.

या दुर्बिणीत अँटेनांची प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एक फूरिये घटक मोजते. जोडी ‘क’कडून ‘ख’कडे वाचली तर एक कॉम्प्लेक्स संख्या मिळते आणि उलटी वाचली तर तिचा कॉन्जुगेट. म्हणजे दिशा बदलली की फक्त फेजचं चिन्ह बदलतं.

अडचण अशी की आयनोस्फिअरमुळे प्रत्येक अँटेनाच्या फेजमध्ये चूक शिरते. यावरचा उपाय रॉजर जेनिसन यांनी १९५८ मध्ये छापला. क→ख→ग→क असे तीन फेज मिळवा. ‘क’ची चूक एकदा अधिक येते, एकदा उणे, आणि निघून जाते. ‘ख’ आणि ‘ग’चंही तसंच. उरतो तो फक्त आकाशाचा फेज. याला क्लोजर फेज म्हणतात. ३० अँटेनांत असे ४०६ स्वतंत्र त्रिकोण मिळतात.

आता ग्राफकडे या. डायरेक्टेड ग्राफचं मॅट्रिक्स सममित नसतं, त्यामुळे लंब आयगेनव्हेक्टर मिळण्याची खात्री नसते. पहिल्या वर्षी मी सरळ मॅट्रिक्स आणि त्याचा ट्रान्सपोज यांची सरासरी घेतली. गणित सुटलं, पण प्रश्नच हरवला! क→ख→ग→क हे चक्र आणि ‘क→ख, ख→ग, क→ग’ ही उतरंड, दोन्ही एकसारखे दिसायला लागले.

मग खोडदचीच युक्ती करा. बाणाच्या दिशेने ६०° फेज द्या, उलट दिशेने −६०°. मॅट्रिक्स हर्मिशियन होतं. आयगेनव्हॅल्यू वास्तव, आयगेनव्हेक्टर लंब. आता त्रिकोणाची बेरीज करा: चक्रात १८०°, उतरंडीत ६०°. दोघांच्या आयगेनव्हॅल्यूही वेगळ्या येतात. याच कल्पनेला मॅग्नेटिक लॅप्लासियन म्हणतात.

एक फरक मात्र विसरू नका. दुर्बिणीत फेज निसर्ग देतो, इथे ६०° आपण निवडलेत. ९०° निवडून बघा, चक्र आणि उतरंड यांच्या आयगेनव्हॅल्यू पुन्हा सारख्याच येतील! तेव्हा कोन का निवडला, याचं उत्तर तयार ठेवा. आणि संशोधनाला लागल्यावर मॅट्रिक्स सममित करायचा मोह झाला, तर आधी एक त्रिकोण कागदावर काढून बघा.