आलेखावरची शिखरे आणि औषधाची शुद्धता

- प्रतिनिधी

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये ग्लिसरीन दिल्यानंतर 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. ही दोन्ही द्रव्ये रंगहीन, दाट आणि गोडसर. डोळ्यांना वा जिभेला न कळणारा त्यांच्यातील फरक प्रयोगशाळेत वर्णलेखनाने, म्हणजेच क्रोमॅटोग्राफीने, उघड होतो. आज या तपासणीत यंत्र आणि अहवाल यांच्यामध्ये एक संगणक प्रणाली उभी असते. अहवालावरचा 'योग्य' किंवा 'अयोग्य' हा शेरा कितपत विश्वासार्ह, हे बऱ्याच अंशी या प्रणालीच्या वापरावर अवलंबून असते.

कात्रीपासून संगणकापर्यंत

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी पानांतील रंगद्रव्ये खडूसारख्या भुकटीने भरलेल्या नळीतून वेगळी केली आणि 1906 मध्ये या पद्धतीला नाव दिले. तत्त्व तेच राहिले आहे. वायूच्या किंवा द्रवाच्या प्रवाहाबरोबर मिश्रण नळीतून जाते आणि त्यातील घटक वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकतात. नळीच्या शेवटी असलेला डिटेक्टर प्रत्येक घटकाची चाहूल घेतो. कालमानानुसार त्याचा आलेख काढला की प्रत्येक घटकाचे एक शिखर दिसते. शिखर कोणत्या क्षणी आले यावरून घटक ओळखता येतो. शिखराखालील क्षेत्रफळावरून त्याचे प्रमाण कळते.

पूर्वी हा आलेख कागदी पट्टीवर उमटत असे. क्षेत्रफळ काढण्यासाठी शिखर कात्रीने कापून तो कागद तराजूवर तोलण्याचीही रीत होती. आता 'एम्पॉवर', 'क्रोमेलिऑन', 'ओपनलॅब' यांसारख्या प्रणाली यंत्र चालवणे, संकेत साठवणे, क्षेत्रफळ मोजणे आणि अहवाल तयार करणे ही सारी कामे करतात. हिशेब सोपा आहे. प्रमाण ज्ञात असलेल्या संदर्भ द्रावणाचे क्षेत्रफळ 2,00,000 एकक आले आणि तेवढ्याच तीव्रतेचे अपेक्षित असलेल्या गोळीच्या द्रावणाचे 1,96,000 आले, तर गोळीत औषध 98 टक्के आहे.

रेषा कोठे ओढायची?

खरी मेख क्षेत्रफळ मोजण्यात आहे. शिखर कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, हे ठरवून त्याच्या तळाशी आधाररेषा ओढावी लागते. शिखर सुटे आणि रेखीव असेल तर प्रणाली हे काम बिनचूक करते. परंतु अशुद्ध घटकाचे इवलेसे शिखर मुख्य शिखराच्या उतारावर बसलेले असेल, तर रेषा सरळ खाली सोडायची की उतारालगत तिरपी ओढायची, हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही रेषांनी क्षेत्रफळ वेगवेगळे येते. समजा, अशुद्धीची मर्यादा 0.10 टक्के आहे. एका रेषेने उत्तर 0.12 आले आणि दुसरीने 0.08, तर त्याच नमुन्याचा निकाल पालटतो.

माणसाने हाताने रेषा बदलणे हा गुन्हा नव्हे; कधी कधी ते आवश्यकच असते. मात्र हा बदल कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी केला, याची नोंद राहिली पाहिजे आणि मूळ आलेखही शिल्लक राहिला पाहिजे. याच नोंदीला 'ऑडिट ट्रेल' म्हणतात. अमेरिकेने 1997 मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी केलेल्या नियमांत ती बंधनकारक झाली.

नियमाची गरज का भासली?

अमेरिकेतील न्यू जर्सी येथील एबल लॅबोरेटरीज या कंपनीने 2005 मध्ये आपली सर्व औषधे बाजारातून परत मागवली. संगणकातील मूळ नोंदी आणि कागदावरील निकाल यांचा मेळ बसत नसल्याचे तपासात आढळले होते. कंपनीच्या चार माजी कर्मचाऱ्यांनी 2007 मध्ये गुन्हा कबूल केला. पुढच्या दशकात अमेरिकी औषध प्रशासनाने भारतातील काही कारखान्यांना पाठवलेल्या इशारापत्रांतही आलेख पुसून टाकणे, अधिकृत तपासणीपूर्वी नमुना 'सहज' तपासून पाहणे, अनेकांनी एकच पासवर्ड वापरणे असे आक्षेप होते. भारतानेही डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित केलेल्या सुधारित 'शेड्यूल एम'मध्ये औषध कारखान्यांतील संगणकीय प्रणालींची दखल घेतली आहे.

चांगल्या प्रयोगशाळेची शिस्त त्यामुळे मोजक्या शब्दांत सांगता येते. प्रत्येक विश्लेषकाला स्वतंत्र पासवर्ड असावा. नोंदी पुसण्याचा अधिकार विश्लेषकाकडे नसावा. संगणकाचे घड्याळ बदलता येऊ नये. आधाररेषेचे नियम तपासणीपूर्वी ठरलेले असावेत. निकालाची पडताळणी करणाऱ्याने छापील आकड्याबरोबर आलेख आणि ऑडिट ट्रेलही पाहावा. नापसंत निकालही नोंदीतच राहावा. त्याचे कारण शोधावे, त्याला झाकू नये.

औषधाच्या बाटलीवर यांपैकी काहीच छापलेले नसते. ती विकत घेणारा माणूस न पाहिलेल्या आलेखावर विश्वास ठेवून औषध घेतो. त्या आलेखाखालची रेषा प्रामाणिकपणे ओढली गेली, एवढीच त्याची अपेक्षा असते.