उसाचा फड आणि हिशेबाबाहेरचे दुखणे

नगर जिल्ह्यातील (2024 पासून अहिल्यानगर) साखरेचा इतिहास आपल्याला पाठ आहे. 1926 साली भंडारदरा धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढला आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचे गाळप 1950-51 च्या हंगामात सुरू झाले. या इतिहासात पाणी, भांडवल, सभासद, साखरेचा उतारा या साऱ्यांचा हिशेब आहे. ऊस तोडणाऱ्या बाईच्या शरीराचा नाही. त्यातही लघवीच्या दुखण्यांचा उल्लेख आपल्या सभ्य गद्याला नेहमीच अवघड वाटत आला आहे.

पाथर्डी-शेवगावकडची आणि शेजारच्या बीडमधली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन तोडणीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. खाडा झाला की दंड कापला जातो. कोपीला न्हाणी नाही, फडात आडोसा नाही. म्हणून बाई पाणी कमी पिते, लघवी दाबून धरते आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला वाट मिळते. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न घेता जड मोळ्या वाहिल्या, की ओटीपोटाला तळातून सावरणारे स्नायू सैल पडतात. मग खोकताना, शिंकताना, मोळी उचलताना लघवी सुटते.

बोलीत या दुखण्यांना नावे नाहीत असे नव्हे. लघवीची आग म्हणजे ‘उन्हाळी लागणे’, गर्भाशय खाली सरकणे म्हणजे ‘अंग बाहेर येणे’. परंतु हे शब्द बायकाबायकांतच राहतात. मुकादमापुढे आणि कित्येकदा डॉक्टरपुढेही त्यांचे ‘पोटात दुखतंय’ एवढेच होते. नेमका शब्द हरवला, की नेमका उपचारही हरवतो.

2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीची आकडेवारी आली. त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. कारणे अनेक होती: पाळीचा त्रास, पांढरे जाणे, कर्करोगाची भीती, खाडा न परवडणे. गर्भाशय काढल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग बरा होत नाही. उलट पुढे लघवी सुटण्याचा धोका वाढू शकतो. वस्तुतः त्याच सैल स्नायूंना बळ देणारा साधा व्यायाम अमेरिकेतील डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी 1948 साली मांडला होता. प्रवरेकाठी कारखान्याची जुळवाजुळव चालू होती तो हाच काळ. यंत्रे लोणीपर्यंत आली. हे ज्ञान मात्र फडापर्यंत पोचले नाही.

सहकाराच्या इतिहासातील ही रिकामी जागा साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी ओळखावी. कारखान्याचा एखादा गौरवग्रंथ हाती आला, तर त्याने त्याला एवढेच विचारावे: त्या हंगामात तोडणीच्या बायका लघवीला कुठे जात होत्या?